म्हातारी जमीन, लहरी पाऊस

दक्षिण ऑस्ट्रेलियात, फ्लिंडर्स डोंगररांगेच्या उत्तर टोकाजवळ, फरायना नावाचे गाव होते. लॅटिन भाषेत फरायना म्हणजे पीठ. १८७८ मध्ये गाव आखले तेव्हा आसपासच्या माळावर गहू पिकेल आणि पिठाची पोती रेल्वेने अ‍ॅडलेडकडे जातील, अशी सगळ्यांची खात्री होती. रेल्वे आली. गहू आला नाही. आज तिथे बिनछपराच्या दगडी भिंती आहेत आणि भोवती खुरटी, करडी झुडपे.

ही चूक अजाणता झाली नव्हती. तेरा वर्षे आधी, १८६५ मध्ये, त्या वसाहतीचा सर्व्हेअर-जनरल जॉर्ज गोयडर याने घोड्यावरून फिरून नकाशावर एक रेषा ओढली होती. १८६४-६५ च्या दुष्काळात कुरणे कुठवर करपली ते पाहायला सरकारने त्याला पाठवले होते. त्या मुलखात पाऊस मोजण्याची सोय जवळपास नव्हती. गोयडरने झाडोऱ्याकडे पाहिले. मॅली नावाची बुटकी, झुडपी नीलगिरी कुठे विरळ होते आणि सॉल्टबुश हे खाऱ्या मातीतले झुडूप कुठे सुरू होते, ती सीमा त्याने टिपली. पुढे पावसाच्या नोंदी जमल्या तेव्हा ही रेषा वर्षाला साधारण २५० ते ३०० मिलिमीटर पावसाच्या रेषेशी जुळली. गोयडरचे म्हणणे सरळ होते: रेषेच्या दक्षिणेला नांगर चालवा, उत्तरेला फक्त मेंढरे चारा.

१८७० च्या दशकात सलग काही वर्षे पाऊस चांगला झाला. शेतकरी जमीन मागू लागले, वर्तमानपत्रे गोयडरला नावे ठेवू लागली, आणि नांगराच्या मागे पाऊस येतो असे लोक मनापासून मानू लागले. सरकारने रेषेपलीकडची जमीन खुली केली. १८८० नंतर अवर्षण परत आले, आणि कुटुंबेच्या कुटुंबे घरे सोडून दक्षिणेला परतली. फरायनासारखी ओसाड घरे त्या रेषेच्या उत्तरेला आजही ठिकठिकाणी दिसतात.

ऑस्ट्रेलियाच्या भूगोलाचा प्रश्न या एका रेषेत सामावला आहे. देशाचे क्षेत्रफळ सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटर, भारताच्या दुपटीहून जास्त. लोकसंख्या पावणेतीन कोटींच्या आसपास, म्हणजे मुंबई महानगर प्रदेशापेक्षा फार मोठी नाही. त्यातले पाचापैकी चार लोक किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत राहतात. एवढी जमीन मोकळी का? आणि ती खरोखर मोकळी आहे का? गेली दीडशे वर्षे या प्रश्नाची दोन उत्तरे एकमेकांशी भांडत आहेत. एक म्हणते, माणसे कमी पडली, धरणे बांधा, पाणी वळवा, सगळे पिकेल. दुसरे म्हणते, ही जमीन एवढेच पोसू शकते.

दुसऱ्या बाजूचा मोठा माणूस ग्रिफिथ टेलर. स्कॉटच्या अंटार्क्टिक मोहिमेत भूगर्भाचे काम करून आलेला हा भूगोलज्ञ १९२० मध्ये सिडनी विद्यापीठाच्या नव्या भूगोल विभागाचा प्रमुख झाला. तेव्हा राजकारणी आणि लेखक ऑस्ट्रेलियात दहा कोटी आणि त्याहूनही जास्त माणसे सहज राहतील असे सांगत होते. टेलरने पाऊस, तापमान आणि माती यांचे नकाशे मांडून सांगितले की शतकाअखेर दोन कोटींच्या आसपास लोक असतील, आणि खंडाचा मधला भाग वाळवंट आहे तो वाळवंटच राहील. ‘वाळवंट’ हा शब्द लोकांना झोंबला. पश्चिम ऑस्ट्रेलियात त्याच्या पाठ्यपुस्तकावर बंदी आली. १९२८ मध्ये तो शिकागोला निघून गेला. इसवी सन २००० मध्ये ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ९० लाख होती.

तरी माझ्या मते टेलरचे उत्तरही अपुरे आहे. त्याने कोरडेपणा पाहिला. या खंडाचा मूळ स्वभाव मात्र त्याच्या म्हातारपणात आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्स या टेकड्यांत झिरकॉन या खनिजाचे बारीक कण सापडले आहेत. त्यांचे वय ४४० कोटी वर्षांपर्यंत जाते. पृथ्वीचा याहून जुना तुकडा अजून कुणाच्या हाती लागलेला नाही. तिथून उत्तरेला पिलबारात ३४० कोटी वर्षांहून जुन्या खडकांत सूक्ष्मजीवांनी रचलेल्या थरांचे, म्हणजे स्ट्रोमॅटोलाइटांचे, अवशेष आहेत. आणि शार्क बे या उथळ खाडीत तशाच रचना आजही जिवंत आहेत, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या काळसर उशांसारख्या. अशाच प्राचीन जिवांनी समुद्रात प्राणवायू सोडला, त्याने पाण्यात विरघळलेले लोह गंजून तळाशी बसले, आणि सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या त्या थरांतून आज पिलबाराचे लोहखनिज निघते. जगभरातल्या पोलादाचा फार मोठा भाग या गंजातून येतो.

एवढ्या म्हाताऱ्या जमिनीवर ऊन, वारा आणि पाऊस कोट्यवधी वर्षे काम करत राहिले. तिला नवी करणारे काही घडले नाही. युरोप आणि उत्तर अमेरिकेत हिमयुगातल्या बर्फाच्या थरांनी खडक दळून ताजी माती केली. इथे शेवटच्या हिमयुगात बर्फ टास्मानियाच्या डोंगरांवर आणि आग्नेयेच्या शिखरांवर थोडासा साचला, बस्स. हिमालयासारखे डोंगर उठले नाहीत, त्यामुळे ते झिजून गाळ आणणाऱ्या गंगा-सिंधूही नाहीत. आपल्या दख्खनवर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर पसरले, त्यांची काळी माती आपण अजून नांगरतो. ऑस्ट्रेलियात असा बेसॉल्ट पूर्वेकडच्या पट्ट्यात तुकड्यातुकड्यांनी आहे, आणि जिथे आहे तिथे, म्हणजे क्वीन्सलँडचा डार्लिंग डाउन्स किंवा मोरीचा परिसर, तिथे विदर्भासारखी भेगाळणारी काळी जमीन आणि कपाशी दिसते. उरलेल्या बऱ्याच खंडात मात्र मातीतले स्फुरद धुऊन गेले आहे. नैर्ऋत्येकडच्या टेकड्यांवर जांभा आहे, कोकणच्या सड्यावर असतो तसाच लोहमिश्रित, कणखर आणि पोषणाच्या दृष्टीने रिता.

जमीन झिजत गेली म्हणून ती सपाटही झाली. खंडाची सरासरी उंची सुमारे ३३० मीटर, साधारण नागपूरइतकी. सर्वोच्च शिखर कोशुस्को २,२२८ मीटर. पूर्व किनाऱ्याला समांतर ३,५०० किलोमीटर धावणारी ग्रेट डिव्हायडिंग रेंज हीच काय ती मोठी भिंत, आणि ती चुकीच्या बाजूला उभी आहे. प्रशांत महासागराकडून येणारा ओलावा ती किनाऱ्यावरच उतरवते. तिच्या पश्चिमेला माणदेश आहे असे समजा, फक्त तो संपत नाही. त्यात भर म्हणून तीस अंश दक्षिण अक्षांशाजवळचा जास्त दाबाचा पट्टा नेमका खंडावरून जातो. तिथे हवा वरून खाली दबत येते आणि ढग जमत नाहीत. संपूर्ण देशाची पावसाची सरासरी वर्षाला ४६५ मिलिमीटरच्या आसपास आहे, आणि पडलेल्या पाण्यापैकी साधारण दहावा हिस्साच ओढ्या-नद्यांपर्यंत पोहोचतो. बाकीचे उन्हात उडते किंवा झाडे पिऊन टाकतात.

या म्हातारपणाशी आपले एक नातेही आहे. चंद्रपूर आणि वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या थरांत ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष झाडाची जिभेसारखी पाने दगडात उमटलेली मिळतात. न्यू साउथ वेल्सच्या हंटर खोऱ्यात आणि क्वीन्सलँडच्या बोवेन खोऱ्यातही त्याच काळातल्या कोळशात तीच पाने आहेत. दोन्हीकडचा कोळसा एकाच महाखंडाच्या दलदलीत तयार झाला. त्या महाखंडाला भूवैज्ञानिकांनी नाव दिले गोंडवाना, आणि ते नाव आपल्या गोंडांच्या मुलखावरून घेतले. भारत सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी तिथून तुटून उत्तरेला निघाला आणि आशियावर आदळला, त्यात हिमालय उठला. ऑस्ट्रेलिया अंटार्क्टिकापासून फार उशिरा सुटला आणि अजून वाटेत आहे, वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर उत्तरेकडे. १९९४ मध्ये ठरवलेले नकाशांचे अक्षांश-रेखांश २०२० पर्यंत जमिनीपासून १.८ मीटर मागे पडले, म्हणून सगळी संदर्भप्रणाली बदलावी लागली.

आता मातीकडे परत येऊ, कारण खरी नवलाई तिथे आहे. नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियाची माती जगातल्या सर्वांत दरिद्री मातींपैकी एक, आणि तिथेच फुलझाडांच्या सुमारे ८ हजार जाती, त्यातल्या निम्म्याच्या आसपास इतर कुठेही न आढळणाऱ्या. अन्न कमी तिथे एका जातीला मैदान मारता येत नाही, प्रत्येकीला स्वतःची युक्ती शोधावी लागते. बँक्सिया मुळांचे दाट झुबके करून मातीतले उरलेसुरले स्फुरद विरघळवून घेते. ड्रोसेरा चिकट पानांनी किडे धरते. अकेशिया हवेतले नत्र मुळांतल्या गाठींत साठवते. पर्थजवळच्या झुडपी माळावर वसंतात, म्हणजे सप्टेंबरमध्ये, गेलेल्या माणसाला ‘ओसाड’ हा शब्द वापरावासा वाटणार नाही.

पण ही झुडपे उपटून गहू लावला तेव्हा काय झाले ते पाहा. हजारो वर्षे समुद्रावरून येणारा पाऊस आपल्याबरोबर किंचित मीठ आणत होता. सपाट जमिनीवरून ते वाहून जात नव्हते, खोल मुरत होते. झाडांची मुळे वर्षभर पाणी शोषत, म्हणून खारे भूजल खालीच राहत होते. गहू वर्षातले काही महिनेच उभा असतो आणि त्याची मुळे उथळ. झाडे गेली, भूजल चढले, आणि मीठ वर आले. रेल्वेच्या इंजिनांना पाणी पुरवणारी तळी खारी होऊ लागली तेव्हा डब्ल्यू. ई. वूड या रेल्वेच्या अभियंत्याने १९२४ मध्ये हे सगळे कारण लिहून मांडले. तरीही जंगलतोड पुढे कित्येक दशके चालूच राहिली. आज तिथे दहा लाख हेक्टरांहून अधिक जमीन क्षारपड आहे. सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यातला शेतकरी हा शब्द चांगला ओळखतो. आपल्याकडे पाणी जास्त देऊन मीठ वर आले, तिथे पाण्याचा थेंबही न देता, केवळ झाडे तोडून आले.

नद्यांकडे येऊ. शोधमोहिमा काढणाऱ्या पहिल्या युरोपियनांना वाटे, पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्या आत कुठेतरी मोठ्या समुद्राला मिळत असणार. चार्ल्स स्टर्टने १८४४ मध्ये खंडाच्या मध्यभागी मोहीम नेली तेव्हा त्या समुद्रासाठी एक बोट गाड्यावर लादून बरोबर घेतली होती. त्याला दगडगोट्यांचे वाळवंट सापडले. सतरा वर्षांनी बर्क आणि विल्स उत्तर किनाऱ्याच्या जवळ जाऊन परतताना कूपर्स क्रीकच्या काठी उपासमारीने मेले. त्याच काठावर यांड्रुवांधा लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, मासे मारत होते आणि नार्डू या पाणवनस्पतीच्या बीजाणूंची भाकरी करत होते. मोहिमेतला जॉन किंग त्यांनी सांभाळला म्हणून वाचला.

आतला समुद्र आहे, पण तो कधी कधीच असतो. काटी थांडा–लेक आयर हे सरोवर समुद्रसपाटीच्या सुमारे १५ मीटर खाली आहे, देशातली सर्वांत खोलगट जागा. खंडाच्या सहाव्या हिश्श्याचे पाणी त्याच्याकडे उतरते आणि बहुतेक वर्षी वाटेतच संपते. सरोवराच्या जागी मिठाचा पांढरा थर असतो. मग एखाद्या वर्षी क्वीन्सलँडमध्ये मुसळधार पाऊस पडतो, कूपर आणि डायामँटिना या नद्या असंख्य फाट्यांनी मैलोन्‌मैल पसरतात, आणि जमिनीचा उतार इतका कमी की ते पाणी आठवडे-महिने सरकत सरोवराला पोहोचते. मग मिठात सुप्त असलेली कोळंबीची अंडी फुटतात, मासे वाढतात, आणि शेकडो किलोमीटरवरून पेलिकनांचे थवे येऊन वीण घालतात. त्यांना दुरून पाण्याची वर्दी कशी लागते ते अजून नीट उलगडलेले नाही. १९७४ मध्ये सरोवर भरले तसे एरवी शतकात मोजक्याच वेळा भरते. पाणी आटले की पक्षी जातात, कमजोर पिल्ले मागे राहून मरतात. अशा मुलखाला वर्षाची सरासरी लावून काय हाती लागणार? इथला ऋतू कधी दहा वर्षांचा असतो, कधी तीस.

जमिनीखाली मात्र अखंड पाणी आहे. ग्रेट आर्टेशियन बेसिन हे भूजलाचे खोरे १७ लाख चौरस किलोमीटरवर पसरले आहे, महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठे. पूर्वेकडच्या डोंगरात मुरलेले पाणी वाळूच्या खडकातून वर्षाला जेमतेम काही मीटर सरकते. काही ठिकाणच्या पाण्याचे वय दहा-वीस लाख वर्षे आहे. १८७८ मध्ये पहिले बोअर मारले तेव्हा पाणी आपल्या दाबाने उसळून वर आले. मग हजारो बोअर झाले आणि कितीतरी तसेच उघडे ठेवले गेले, उघड्या चरांतून मैलभर वाहत, वाटेत निम्म्याहून जास्त उडून जात. दाब घटला. वाळवंटातले नैसर्गिक झरे, ज्यांच्या काठाने आदिवासींच्या व्यापारवाटा गेल्या होत्या, त्यातले बरेच आटले. गेल्या काही दशकांत बोअरांना झाकणे आणि नळ बसवण्याचे काम सरकारी खर्चाने झाले आणि काही भागांत दाब पुन्हा वाढला. आपल्या मराठवाड्यात बोअर हजार फुटांवर नेणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य अभ्यासावे.

मरे-डार्लिंग हे समुद्राला मिळणारे देशातले सर्वांत मोठे नदीखोरे. क्षेत्र सुमारे साडेदहा लाख चौरस किलोमीटर, गोदावरी खोऱ्याच्या तिपटीहून जास्त. पाणी? गोदावरीत वर्षाला सरासरी ११० अब्ज घनमीटर येते, मरे-डार्लिंगमध्ये ३२ अब्जांच्या आसपास. आणि तेवढ्यावर गहू, तांदूळ, कपाशी, संत्री, द्राक्षे, दूधधंदा आणि अ‍ॅडलेड शहर. १९९७ ते २००९ या काळातल्या प्रदीर्घ अवर्षणात मरेचे मुख वाळूने बुजू लागले, ते उघडे ठेवायला २००२ पासून ड्रेजर लावावे लागले. २०१२ मध्ये खोऱ्याचा आराखडा कायद्याने आला. त्यात नदीसाठी पाणी राखायचे म्हणून सरकार शेतकऱ्यांकडून पाण्याचे हक्क विकत घेते. तरी मेनिंडी गावाजवळ २०१८-१९ च्या उन्हाळ्यात आणि पुन्हा २०२३ मध्ये लाखो मासे मरून डार्लिंगचे पात्र पांढरे पडले. त्या नदीला तिच्या काठचे बार्किंजी लोक बाका म्हणतात.

पावसाची लहर कुठून येते, या प्रश्नाच्या उत्तरात भारताचा वाटा मोठा आहे. १८८८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाचा खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स टॉड याने दाखवले की भारतातले आणि ऑस्ट्रेलियातले दुष्काळ बहुधा एकाच वेळी पडतात. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर भारताच्या हवामान खात्याचा प्रमुख झालेल्या गिल्बर्ट वॉकरने जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे गोळा करून त्यांची सांगड घातली. प्रशांत महासागरावर दाब वाढला की हिंदी महासागराकडे तो घटतो, आणि उलटही. या हेलकाव्याला त्याने सदर्न ऑसिलेशन म्हटले. आज ताहिती आणि डार्विन इथल्या दाबातल्या फरकावरून तो मोजतात. एल निनोच्या वर्षी दोन्ही देशांचे ढग एकदमच पातळ होण्याचा धोका असतो. महाराष्ट्राच्या आठवणीतले १९७२ हे एल निनोचे वर्ष होते.

पण हिंदी महासागराची स्वतःची तऱ्हा आहे, ती १९९९ मध्ये स्पष्ट झाली. या महासागराचा पश्चिम भाग तापतो आणि सुमात्राजवळचा पूर्व भाग थंड होतो, तेव्हा आपल्याकडे ओलावा वाढतो आणि ऑस्ट्रेलियाचा तुटतो. २०१९ मध्ये हे अतिशय तीव्रतेने घडले. त्या वर्षीचा ऑक्टोबर आठवा. तापलेल्या अरबी समुद्रात क्यार आणि महा ही वादळे उठली, काढणीला आलेले सोयाबीन शेतात कुजले, द्राक्षबागांची नासाडी झाली. त्याच आठवड्यांत न्यू साउथ वेल्सची जंगले पेटली होती. ऑस्ट्रेलियाच्या नोंदींतले ते सर्वांत कोरडे आणि सर्वांत उष्ण वर्ष ठरले. देशाची पावसाची सरासरी २७७ मिलिमीटरवर आली. १८ डिसेंबरला संपूर्ण देशाचे सरासरी कमाल तापमान ४१.९ अंश होते. उन्हाळा संपेपर्यंत वणव्यांनी सुमारे २ कोटी ४० लाख हेक्टर भूमी जाळली, महाराष्ट्राच्या तीन चतुर्थांशाहून अधिक. थेट आगीत ३३ माणसे गेली, धुराने त्याहून कितीतरी जास्त.

वणवा तिथे उपरा नाही. नीलगिरीच्या पानांत तेल असते, साल लोंबते, पाचोळा लवकर कुजत नाही. झाड जळते आणि काही आठवड्यांत काळ्या खोडावर हिरवे कोंब फुटतात. बँक्सियाच्या कितीतरी जातींची बोंडे आगीशिवाय उघडतच नाहीत. आपण या झाडाला नीलगिरी म्हणतो ते ब्रिटिशांनी ते तमिळनाडूतल्या त्याच नावाच्या डोंगरांवर लावले म्हणून. त्याचे माहेर हे आगीचे आहे. पण २००९ च्या ७ फेब्रुवारीला व्हिक्टोरियात एका दिवसात १७३ माणसे मेली किंवा २०१९-२० मध्ये कधीही न जळणारी ओली पर्जन्यवने जळली, ती आग वेगळी.

आगीचा योग्य वापर जाणणारे लोक तिथे किमान ५० हजार वर्षांपासून आहेत. न्यू साउथ वेल्सच्या पश्चिमेला मंगो नावाचे सरोवर आहे, हजारो वर्षे कोरडे. १९६८ मध्ये भूवैज्ञानिक जिम बोलर याला त्याच्या वाळूच्या कडेला दहन केलेल्या एका स्त्रीच्या अस्थी दिसल्या. त्या सुमारे ४२ हजार वर्षांपूर्वीच्या. तेव्हा सरोवर भरलेले होते. पाणी गेले, हिमयुग आले आणि गेले, समुद्र १२० मीटर चढून टास्मानिया मुख्य भूमीपासून तुटला, आणि हे लोक टिकले. युरोपियनांच्या कायद्याने मात्र ही जमीन कोणाचीच नव्हती. ते मत उच्च न्यायालयाने १९९२ मध्ये माबो खटल्यात रद्द केले.

त्यांचे कालमापनही पाहण्यासारखे आहे. ब्रिटिशांनी युरोपचे चार ऋतू उलटे करून इथे बसवले. उत्तरेकडच्या काकाडूतले बिनिंज लोक सहा ऋतू मानतात, नैर्ऋत्येचे नूंगार लोकही सहाच. काकाडूत गुनुमेलेंग म्हणजे मोसमी पावसाआधीचा गडगडाटी काळ, आपल्या वळवासारखा. गुडजेवग हा भर पावसाचा. पावसाळ्यानंतर गारवा येऊ लागला की येगे, आणि याच ऋतूत, गवत अर्धे ओले असताना, छोट्या छोट्या आगी लावायच्या. म्हणजे वर्षअखेरीच्या कडक उन्हाळ्यात वणव्याला सलग इंधन मिळत नाही. पश्चिम आर्न्हेम लँडमध्ये ही पद्धत २००६ पासून मोठ्या प्रमाणावर पुन्हा सुरू झाली आणि उशिराचे मोठे वणवे कमी झाले. सहा ऋतूंच्या देशातून आलेल्या आपल्याला हे चटकन समजायला हवे.

उत्तरेचा किनारा म्हणजे वेगळाच देश. डार्विनला वर्षाला १,७०० मिलिमीटर पाऊस, तोही मुख्यतः डिसेंबर ते मार्चमध्ये, आणि क्वीन्सलँडच्या बेलेंडन केर शिखरावर ८ हजार. जवळच ग्रेट बॅरियर रीफ, २,३०० किलोमीटर लांब, महाराष्ट्राच्या किनाऱ्याच्या तिप्पट. या म्हाताऱ्या खंडाच्या तरुण रचनांपैकी ही एक. आजचे प्रवाळ साचून सहा ते आठ हजार वर्षे झाली आहेत. १९९८ आणि २००२ नंतर २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये समुद्र तापून ते मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. दोन विरंजनांमध्ये सावरायला आता वेळच उरलेला नाही.

बाहेरून आणलेल्या जिवांनी केलेली हानी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १८५९ मध्ये व्हिक्टोरियातल्या एका जमीनदाराने शिकारीसाठी सोडलेल्या दोन डझन सशांनी खंड व्यापला. लाखो हेक्टर गिळणारा फड्या निवडुंग अर्जेंटिनातल्या एका पतंगाच्या अळीने १९३० च्या दशकात आवरला. त्या यशावर विसंबून १९३५ मध्ये उसातल्या किड्यांसाठी बेडूक आणले, आणि ते विषारी बेडूक अजून पश्चिमेकडे सरकत आहेत. मांजर आणि कोल्हा यांनी सर्वांत मोठा घात केला. १७८८ पासून इथले तीसहून अधिक सस्तन प्राणी नामशेष झाले. टोरेस सामुद्रधुनीतल्या एका चिमुकल्या बेटावरचा ब्रॅम्बल के मेलोमिस हा उंदीर समुद्राच्या वाढत्या भरतीत संपला. हवामानबदलाने नाहीसा झालेला पहिला सस्तन प्राणी म्हणून त्याची नोंद झाली आहे.

मेलबर्न-सिडनीत आज हजारो मराठी कुटुंबे आहेत. गणपती तिथे वसंतात येतो आणि संक्रांत भर उन्हाळ्यात. नव्या देशाची सवय होताना घरे, रस्ते, शाळा आधी कळतात. जमीन शेवटी कळते. तिथे राहणाऱ्यांनी एकदा तरी गोयडरची रेषा ओलांडून उत्तरेला जावे, दगडी भिंती पाहाव्यात, आणि काटी थांडा भरले असेल तर त्या वर्षी दुसरी कोणतीही सहल करू नये.

जमिनीला विचारूनच तिच्यावर किती भार टाकायचा ते ठरवावे, हे गोयडरचे मत टेलरच्या आकड्यांपेक्षा मला अधिक मोलाचे वाटते, कारण त्याने झुडपांचे ऐकले. मात्र आता ती झुडपेही जुनी ग्वाही देत आहेत. नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातला हिवाळी पाऊस १९७० नंतर लक्षणीय घटला. पर्थच्या धरणांत येणारे पाणी निम्म्याहूनही कमी झाले, आणि २००६ पासून ते शहर क्विनाना इथे समुद्राचे पाणी गोडे करून पिते. गोयडरची रेषा आजच्या पावसावरून नव्याने काढायची ठरवली, तर ती दक्षिणेकडे, गव्हाच्या शेतांत, ओढावी लागेल.